कोनाड्यातल्या गोळ्या

हत्तीरोग आमच्या भंडारा जिल्ह्याच्या जुन्या ओळखीचा. २००४ मध्ये देशभर सामूहिक औषधोपचार मोहीम निघाली आणि डीईसीच्या गोळ्या दारोदार वाटल्या जाऊ लागल्या. मोठ्यांना तीन, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला एक, त्याहून लहान बाळाला एकही नाही. ‘जेवून घेतो’ म्हणत कोनाड्यात ठेवलेल्या गोळ्यांचा हा हिशेब तिथे हात घालणाऱ्या पोराला कोण सांगणार? पुढे गोळी कर्मचाऱ्यासमोरच गिळण्यावर भर आला. उद्देश डोस चुकू नये हा. मला मात्र घरात गोळी उरत नाही, हेच मोलाचं वाटतं.

कॅनडात डॉक्टर हेन्री ब्रो यांच्या प्रयत्नांतून १९६७ मध्ये मुलांना सहज न उघडणारं बाटलीचं झाकण आलं. गोळ्यांच्या पट्टीला कुठलं झाकण? आमच्या घरी ती उंच फळीवर, कडीबंद पितळी डब्यात असते. भंडारा पितळेचंच गाव!