तंजावरची छत्रे : परमुलखात मांडलेली पंगत

आजवर या मालेत आपण लढाया, किल्ले आणि मोहिमा यांवर बरंच बोललो. आजचा विषय स्वयंपाकघराचा आहे. फौजेत उभं आयुष्य घालवलेल्या माणसाने स्वयंपाकघरावर काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण फौज पोटावर चालते हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळतं. आज मी सांगणार आहे ती गोष्ट अशा एका मराठी घराण्याची आहे, ज्याची फौज गेली, महसूल गेला, राज्य नावापुरतं उरलं, पण ज्याने आपली पंगत मात्र हातची जाऊ दिली नाही.

आपल्यापैकी कित्येकांची मुलं-मुली आज दुबई, सिंगापूर, लंडन इथल्या हॉटेलांत नोकऱ्या करतात. परक्या शहरात परक्या माणसांना वाढायचं आणि त्यातूनच तिथे आपलं घर उभं करायचं, हा त्यांचा रोजचा अनुभव. ही वाट आपल्याला नवी वाटते. तंजावरच्या मराठ्यांनी ती फार पूर्वी तुडवली, आणि तीही राज्यकर्ते असून.

आधी थोडी पार्श्वभूमी. शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, हे आदिलशाहीचे सरदार म्हणून दक्षिणेत उतरले आणि १६७५-७६ च्या सुमारास तंजावर त्यांच्या हाती आलं. चोळांनी वसवलेला, नायकांनी सजवलेला हा कावेरीकाठचा मुलूख. प्रजेची भाषा तमिळ, आधीच्या दरबाराची तेलुगू, आणि नवा राजा मराठी. म्हणजे सिंहासनावर बसलेला माणूसच गावात नवखा! हे राज्य पुढे १८५५ पर्यंत, पावणेदोनशेहून अधिक वर्षं टिकलं.

नवख्या राजाने तिथे रुजायचं कसं? तलवारीने मुलूख मिळतो, पण घर होत नाही. तंजावरकरांनी तमिळ आणि तेलुगू आपलीशी केली, संगीत-नृत्याला आश्रय दिला, देवळांची पूजाअर्चा चालू ठेवली. आणि आणखी एक काम केलं. त्यांनी वाटसरूंसाठी छत्रं उघडली.

छत्र म्हणजे काय? आपण ‘अन्नछत्र’ म्हणतो तेच. मूळ संस्कृत शब्द ‘सत्र’. तमिळमध्ये ‘सत्तिरम’ किंवा ‘चत्तिरम’. ही कल्पना मराठ्यांनी दक्षिणेत नेली असं मात्र नाही. वाटसरूला आसरा आणि अन्न देण्याची रीत तमिळ मुलखात त्यांच्या कितीतरी आधीपासून होती. भोसल्यांनी तिथलीच रीत उचलली आणि मोठ्या प्रमाणावर, नीट बंदोबस्ताने चालवली. परगावी जाऊन टिकणारा माणूस हेच करतो. तिथलं चांगलं ते ओळखतो आणि त्यात आपली मेहनत घालतो.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. काशीहून रामेश्वरला जाणारा यात्रेकरू तंजावर ओलांडून आग्नेयेला ओरत्तनाडला येतो, तिथून पट्टुकोट्टै, मग समुद्रकाठ धरून सेतुभावाछत्रम, मणमेलकुडी, मिमिसल आणि पुढे रामनाथपुरम. या वाटेवर भोसल्यांची छत्रं ओळीने उभी होती. सेतुभावाछत्रम या गावाच्या तर नावातच छत्र आहे. पायदळ एका दिवसात साधारण वीस-पंचवीस किलोमीटर चालतं, आणि सडा यात्रेकरूही तेवढंच चालतो. या गावांमधली अंतरं पाहिली की लक्षात येतं, दिवस-दीड दिवसाच्या चालीनंतर माणसाला कुठेतरी छप्पर आणि जेवण मिळावं अशीच ही रचना आहे. आम्ही ज्याला रसद म्हणतो, ती इथे यात्रेकरूसाठी लावलेली होती.

या छत्रांची नावंही पाहण्यासारखी आहेत. बहुतेक नावं बायकांची. प्रतापसिंहराजांच्या काळातलं (१७३९ ते १७६३) नीडामंगलमचं छत्र यमुनांबेच्या नावाने, म्हणून ते यमुनांबाळपुरम. मिमिसलचं राजकुमारांबेच्या नावाने. ओरत्तनाडचं मुक्तांबेच्या नावाने. मराठी ‘बाई’ला तमिळ वळणाने ‘अंबा’ आणि ‘अंबाळ’ केलेलं आहे. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या लेकी-सुना त्या मातीत कशा मिसळल्या, याची खूण त्या नावांच्या शेपटात सापडते.

मुक्तांबा ही तर विवाहित राणीही नव्हती. दुसऱ्या सरफोजीराजांची ती लग्नाआधीची सहचरी. ती तरुणपणीच वारली. तिच्या नावाने राजाने १८००च्या सुमारास ओरत्तनाडला छत्र बांधलं आणि गावालाच मुक्तांबाळपुरम हे नाव दिलं. त्या काळच्या रीतीत अशा स्त्रीचं नाव वंशावळीत जात नसे. इथे ते रोज जेवून उठणाऱ्या माणसांच्या तोंडी गेलं. दगडी घोडे आणि हत्ती जणू रथ ओढत आहेत असा त्या इमारतीचा मंडप आहे. कधी त्या बाजूला गेलात तर जरूर पाहा.

आता या सरफोजीराजांकडे वळू. जन्म १७७७चा. १७८७मध्ये तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतलं आणि लगेच ते वारले. गादी गेली सावत्र चुलते अमरसिंह यांच्याकडे. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने या मुलाला सांभाळलं, आणि जिवाला धोका वाटला तेव्हा मद्रासला हलवलं. म्हणजे पोरवयातली काही वर्षं सरफोजी स्वतःच परक्या शहरात, परक्यांच्या आसऱ्याला होते. आसरा मिळणं म्हणजे काय हे त्यांना पोथीतून शिकावं लागलं नाही.

मुलूखही तेव्हा खचलेला होता. १७८१मध्ये हैदर अलीच्या फौजांनी कावेरीचं खोरं उद्ध्वस्त केलं होतं. शेतं जळाली, गुरं गेली, माणसं परागंदा झाली. अशा मुलखात कुणाला रोज पोटभर भात मिळणं याचा अर्थ काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

१७९८मध्ये सरफोजी गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९मध्ये, कंपनीशी तह झाला. राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग राहिला. वर्षाला एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा, एवढी नेमणूक ठरली. वय जेमतेम बावीस.

पेच इथे होता. छत्रांचा खर्च चालायचा तो त्यांना लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नावर. गावं कंपनीच्या हिशेबात गेली तर चूल विझणार. आणि हिशेबनीस साहेबाच्या नजरेने पाहिलं तर हा सगळा खर्च फुकटचा! तेव्हा सरफोजींनी जानेवारी १८०१मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक पत्र लिहिलं. ते आज उपलब्ध आहे. छत्रं नेमकी काय करतात, हे त्यात त्यांनी एकेक करून मांडलं आहे.

त्याचा सारांश असा. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, बैरागी, यात्रेकरू, कुणीही येवो, त्याला शिजवलेला भात मिळतो. शिजवलेलं नको असेल त्याला शिधा मिळतो. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालतं. मग घंटा वाजवून पुकारा करतात, की अजून कुणी जेवायचं राहिलं असेल तर त्याने यावं. आजारी वाटसरूला बरं होईपर्यंत ठेवून घेतात, औषध आणि पथ्याचं अन्न देतात. साप-विंचवाचं विष उतरवणारे वैद्यही तिथे असतात. तान्ह्या मुलांना दूध मिळतं. वाटेत दिवस भरलेल्या बाईचं बाळंतपण तिथे होतं. कुणी मेलाच तर त्याच्या त्याच्या जातीच्या रीतीने त्याचे अंत्यसंस्कार होतात. आणि परक्या वाटसरूंची पोरकी झालेली मुलं छत्रातल्या पंतोजींच्या हवाली करतात. त्यांना तीन वेळा जेवण, चार दिवसांनी तेलाची मालीश, कपडे, त्यांच्या आवडीची विद्या, आणि विद्या पुरी झाल्यावर लग्नाचा खर्चसुद्धा.

मंडळी, त्या मध्यरात्रीच्या घंटेवर क्षणभर थांबा. दार उघडं ठेवणं सोपं आहे. जेवायचा कोण राहिला याची हाक देऊन चौकशी करणं ही वेगळी गोष्ट. लंगरमध्ये शेवटचा जवान जेवल्याशिवाय अधिकाऱ्याने ताट घ्यायचं नाही, ही शिस्त आम्ही पाळत आलो. त्याच जातीची शिस्त मला या घंटेत दिसते.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. सगळ्यांना अन्न मिळत होतं म्हणजे सगळे एका पंगतीत बसत होते, असं नाही. जातीप्रमाणे सोय वेगळी, हा त्या काळाचा नियम छत्रातही होता. पत्रातल्या जातवार अंत्यसंस्कारांच्या उल्लेखातही तो दिसतो. राजाने भुकेला भेदभाव लावला नाही, पण समाजाची चौकट त्याने मोडली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पत्राचा उपयोग झाला. छत्रं राजाच्या देखरेखीखाली राहिली. ओरत्तनाडला तर शाळा चांगलीच वाढली. मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत, फारसी आणि इंग्रजीसुद्धा राजाच्या शाळांत शिकवली जाई. सरफोजींचं नाव आपण सरस्वती महाल ग्रंथालयामुळे घेतो, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३मध्ये कोरलेल्या भोसले वंशाच्या इतिहासामुळे घेतो. पण माझ्या मते त्या पत्राचं मोल यांच्याहून कमी नाही. राजाने तहात गेलेली सत्ता परत मागितली नाही. त्याने पाहुण्यांचं जेवण मागून घेतलं.

या पसाऱ्याला माणसं किती लागत असतील! आचारी, वाढपी, कोठीवाले, वैद्य, पंतोजी, आणि मोडीत जमाखर्च लिहिणारे कारकून. छत्रांचे हिशेब तंजावरच्या मोडी कागदांत आहेत. तांदूळ, तूप, ताक, चिंच, मोहरी यांची रोजची नोंद ठेवणाऱ्या मराठी कुटुंबांनी तिथेच जन्म काढले. सांबार हा पदार्थ तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात जन्मला, अशी एक दंतकथा आपण सगळे सांगतो. तिला समकालीन पुरावा नाही, म्हणून मी ती दंतकथा म्हणूनच सांगतो. पण सरफोजींच्या नावाचं ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ सरस्वती महालाने प्रसिद्ध केलं आहे, म्हणजे त्या दरबारात स्वयंपाक ही लिहून ठेवण्याजोगी विद्या होती हे नक्की.

१८५५मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले. कंपनीने राज्य खालसा केलं. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला, तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९मध्ये त्यांच्या विरुद्ध निकाल लागला. सिंहासन संपलं. छत्रांची मिळकत सरकारकडे आणि पुढे जिल्हा बोर्डाकडे गेली. पण ती पुसली गेली नाही. आजही तंजावरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे छत्रम प्रशासनाचा वेगळा विभाग आहे, आणि काही छत्रांच्या इमारतींत पुढे विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि शाळा चालल्या. वाटसरू गेला, पण परगावचं शिकणारं पोर त्याच ओसरीवर जेवलं.

आणि माणसं? तंजावरची मराठी कुटुंबं पुन्हा बाहेर पडली. कुंभकोणमला १८२८मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. आज चेन्नई, बेंगळुरूपासून परदेशापर्यंत पसरलेल्या ‘राव’ मंडळींच्या घरात जी मराठी बोलतात, ती ऐकून पुण्याचा माणूस आधी हसतो आणि मग चकित होतो. साडेतीनशे वर्षं ती भाषा शाळेवाचून, सरकारवाचून टिकली, ती मुख्यतः घरात, चुलीपुढे आणि देवघरात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या श्रोत्यांना आणि वाचकांना मला एवढंच सांगायचं आहे. परक्या गावात आपण आधी पाहुणे असतो. तिथले कधी होतो, हा प्रश्न रेशनकार्डाने किंवा पासपोर्टाने सुटत नाही. तंजावरकरांच्या बाबतीत मला उत्तर असं दिसतं, की ज्या दिवशी ते तिथल्या वाटसरूला वाढू लागले, त्या दिवशी ते तिथले झाले. आणि राज्य गेल्यावरही त्यांचं नाव ज्यांनी जपलं, ते तमिळ शेतकरी, यात्रेकरू आणि विद्यार्थी होते. मुक्तांबेच्या दारात जेवलेले.

पुढच्या भागात मनोऱ्याकडे जाऊ. सेतुभावाछत्रमजवळ समुद्रकाठी सरफोजींनी नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून तो का बांधला आणि त्यावर पाच भाषांत लेख का कोरला, ते पाहू. तोवर रजा घेतो. जय हिंद.