गळाला काय लावायचं? कृष्णाकाठच्या आमिषाचा इतिहास

इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, लढाया आणि सनदा येतात. सातारा-सांगलीत तर जरा जास्तच. पण याच कृष्णा-कोयनेच्या काठावर आणखी एक इतिहास पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कोणत्या माशासाठी गळाला काय लावायचं, याचा इतिहास. विषय क्षुल्लक वाटेल. मात्र त्यावर एका राजाने प्रकरण लिहिलं आणि एका इंग्रज कलेक्टरने पुस्तक. ज्यांच्याकडे हे ज्ञान मुळात होतं, त्यांचं नाव मात्र कुठेच सापडत नाही.

आधी राजाकडे जाऊ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण ही त्याची राजधानी. आपला कऱ्हाडचा मुलूख तेव्हा शिलाहारांकडे होता आणि शिलाहार चालुक्यांचे मांडलिक होते. सोमेश्वराचे वडील सहावे विक्रमादित्य यांनी शिलाहार राजकन्या चंद्रलेखेशी लग्न केल्याचं बिल्हण कवीने लिहून ठेवलं आहे. म्हणजे हा राजा आपल्याला अगदीच परका नाही. त्याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इ.स. ११२९-३० मध्ये, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कांडण करताना महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात, अशी नोंद याच ग्रंथात असल्याने मराठीचे अभ्यासक त्याला ओळखतात. त्यातलं ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण मात्र फारसं कुणी उघडत नाही.

या प्रकरणात समुद्रातल्या आणि गोड्या पाण्यातल्या पस्तीसेक माशांची माहिती आहे. कोणाला खवले आहेत, कोण बिनखवल्यांचा, कोण आकाराने मोठा, कोण कुठे राहतो आणि काय खातो. पुढे गळ, दोरी आणि आमिष येतं. ही मांडणी बघण्यासारखी आहे. आधी माशाची भूक ओळखायची, मग आमिष ठरवायचं. पिठाच्या गोळ्यावर येणारा मासा वेगळा आणि मांसाच्या तुकड्यावर झडप घालणारा वेगळा. आता विचार करा, सिंहासनावरच्या माणसाला हे सगळं कुणी सांगितलं असेल? गळ टाकणं हा राजाचा विनोद होता, म्हणजे करमणूक. ज्यांचं त्यावर पोट होतं, तेच त्याचे उस्ताद असणार, असं मला वाटतं.

त्यानंतर सातशे वर्षांनी दख्खनमध्ये कर्नल विल्यम हेन्री सायक्स आला. मुंबई सरकारसाठी तो इथली आकडेवारी आणि माहिती गोळा करत होता. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ च्या सुमारास लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बरेच मासे पुण्याभोवतीच्या नद्यांतले, म्हणजे पुढे कृष्णेलाच मिळणाऱ्या भीमेच्या खोऱ्यातले आहेत. सायक्सने एक चांगलं काम केलं. लोकांच्या तोंडची नावं त्याने तशीच शास्त्रीय नावांत घातली. म्हणून आजही जगभरचे शास्त्रज्ञ आपल्या महसीरला ‘टोर खुदरी’ म्हणतात. ‘कोलस’, ‘नुक्ता’, ‘बोगट’, ‘पोटैल’ ही नावंही तशीच टिकली. माशांची नावं अशी अमर झाली. ती नावं सांगणाऱ्या माणसांची नावं मात्र कागदावर आली नाहीत.

तिसरा माणूस हेन्री सलिव्हन थॉमस. मद्रास इलाख्यातल्या दक्षिण कानडा जिल्ह्याचा हा कलेक्टर. त्याचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये निघालं. इंग्रजांना त्यांच्या थंड नद्यांतल्या ट्राउटची आठवण यायची. ट्राउटला पाणी गारच लागतं. पुढे त्यांनी तो काश्मीरमध्ये आणि निलगिरीच्या डोंगरात नेऊन वाढवला. कृष्णेच्या उन्हाळी पाण्यात तो जगणं शक्य नव्हतं. मग त्यांनी महसीरला जवळ केलं.

ट्राउट पकडायची त्यांची रीत म्हणजे पिसं आणि दोरा गळाला बांधून केलेली खोटी माशी. तलावातल्या ट्राउटसाठी गांडूळ, छोटा मासा किंवा चकाकणारा धातूचा पत्राही चालतो. महसीरचं पोट मात्र याहून मोठं. तो पाण्यात पडलेली उंबरं खातो, शेवाळ खातो, खेकडे आणि गोगलगायी घशातल्या दातांनी फोडतो, छोटे मासेही गिळतो. त्यामुळे त्याच्यासाठी पिठाचा गोळाही चालतो आणि प्रवाहात गरगरत लहान माशासारखा चमकणारा धातूचा ‘चमचा’ही. साहेबाची हत्यारं नवी होती. पण मासा काय खातो ते आधी बघा, हा धडा मानसोल्लासातलाच होता.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना मला इथे एका शब्दाची गंमत वाटते. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, मासे धरायचा गळ आणि नेमसुद्धा. उर्दूत ‘शिस्त बांधना’ म्हणजे नेम धरणं. जुन्या मराठीतही बंदुकीची ‘शिस्त’ धरत असत. वर्गात आपण मुलांकडून जी शिस्त मागतो, तो शब्द याच घरातला. पाण्याकडे नजर लावून हालचाल न करता बसलेला गळवाला बघितला की हे नातं लगेच पटतं.

आजही आपल्या नदीकाठी हे ज्ञान जिवंत आहे. मरळीला बेडूक किंवा जिवंत छोटी मासळी, वामीला गांडूळ, शिंगाड्याला कोंबडीची आतडी, रोहूला कणकेचा किंवा पेंडीचा गोळा. भोई समाजातली माणसं हे जाणतात आणि आमच्या मोहल्ल्यातली हौशी पोरंही. मासळीला जबह लागत नाही. त्यामुळे भोयाच्या पाटीतला मासा मुसलमानाच्या चुलीपर्यंत सहज येतो. आमिषाची माहितीही याच वाटेने घरोघरी फिरत आली.

आता मात्र नदीच बदलली आहे. १९६० च्या दशकात कोयना धरण उभं राहिलं आणि वाहत्या पाण्याचं तळं झालं. वाहतं, खळाळतं पाणी आवडणाऱ्या महसीरची जागा आकसली. मूळचा आफ्रिकेतला तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. आपण त्याला चिलापी म्हणतो. तो आता गळाला सहज लागतो, कारण तो जवळपास काहीही खातो. त्याच्यासाठी फार काही जाणून घ्यावं लागत नाही. त्यातच गेल्या काही वर्षांत सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचे खच दिसले. कुठे पाण्यात सुरुंगही उडवले जातात. विषाला आणि सुरुंगाला आमिष निवडावं लागत नाही. कोणता मासा काय खातो, हा प्रश्नच तिथे संपतो.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या गावात गळ टाकणारे कुणी म्हातारे चाचा किंवा भोई आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ बसा. कोणत्या माशाला काय लावायचं, कोणत्या महिन्यात, कोणत्या डोहात, ते लिहून घ्या. माशांची स्थानिक नावं लिहा. आणि खाली सांगणाऱ्याचं नाव जरूर लिहा. सोमेश्वर, सायक्स आणि थॉमस यांच्याकडून राहिलेलं काम तेवढंच आहे.