बहात्तरचा दुष्काळ आणि कामाचा हक्क

१/
परभणी जिल्ह्यातील वयस्कर माणसे आजही काळ मोजताना ‘बहात्तरच्या दुष्काळा’ची खूण सांगतात. लाल मिलोच्या भाकरी, सुकडी आणि खडी फोडण्याचे काम या त्या दिवसांच्या ठळक आठवणी. त्याच काळात महाराष्ट्रात एक वेगळा विचार रुजला : काम ही सरकारची मेहरबानी नसून मजुराचा हक्क आहे. हा थ्रेड त्या विचाराच्या वाटचालीविषयी.

२/
तेव्हाचा परभणी जिल्हा आजच्याहून मोठा होता. परतूर तालुका १९८१ मध्ये नव्या जालना जिल्ह्यात गेला आणि १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जमीन काळी, कसदार. पण शेती बहुतांशी पावसावर. कापसाची वेचणी आणि रब्बी ज्वारीची काढणी आटोपली, की मृगापर्यंत शेतमजुराच्या हाताला काम नसे. म्हणजे दुष्काळ नसलेल्या वर्षीही बेकारी ठरलेलीच होती.

३/
१९७० नंतर सलग तीन हंगाम पावसाने दगा दिला. १९७२ मध्ये मराठवाड्यात पिके करपली. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्येच झाली होती. परंतु ते १९७६ मध्ये पूर्ण झाले. सरकारने रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. राज्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५ कोटी. म्हणजे दर दहा माणसांमागे एक जण कामावर होता.

४/
अमर्त्य सेन आणि जाँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा अभ्यास केला. राज्यात धान्याची मोठी तूट असूनही भूकबळींचे थैमान टळले. त्याचे प्रमुख कारण मजुरी. हातात रोख पैसा आल्यामुळे गरिबाला बाजारात उभे राहता आले आणि बाहेरचे धान्य त्याच्यापर्यंत पोहोचले.

५/
मात्र दुष्काळी कामाचा पाया जुनाच होता. १८८० नंतर इंग्रजी अमलात जे दुष्काळविषयक नियम झाले, त्यांत संकट आहे की नाही हे सरकार ठरवी, काम सरकार काढी आणि पाऊस पडला की सरकारच ते बंद करी. दरवर्षी उन्हाळ्यात बेकार होणाऱ्या मजुराला या व्यवस्थेत स्थान नव्हते.

६/
ही उणीव वि. स. पागे यांनी हेरली होती. स्वातंत्र्यसैनिक असलेले पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग त्यांच्या प्रेरणेने झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्याने स्वीकारली.

७/
लगेच दुष्काळ उभा ठाकला आणि योजना दुष्काळी कामांमागे झाकली गेली. पाऊस परतल्यावर, १९७४ मध्ये, ती पुन्हा सुरू झाली. हा क्षण महत्त्वाचा आहे. संकट सरले होते, तरीही कामाची हमी राहिली.

८/
पैसा कोठून आणायचा? १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. पगारदार आणि व्यावसायिक यांच्याकडून तो वसूल होई. जमा झालेल्या निधीइतकीच भर राज्य सरकारने घालायची, असे ठरले. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगाराचा एक अंश अशा रीतीने जिंतूर, गंगाखेडच्या मजुरापर्यंत जाऊ लागला.

९/
१९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी कायदा संमत केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास १५ दिवसांत ते द्यायचे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता दिवसाला अवघा १ रुपया ठरला. रक्कम क्षुल्लक होती. पण काम देता आले नाही, तर सरकार मजुराचे देणे लागते, हे तत्त्व कायद्यात आले.

१०/
याचा परिणाम शेतमजुरीच्या बाजारावर होणे अपरिहार्य होते. गावाजवळ दुसरे काम मिळत असेल, तर पडत्या मजुरीला ‘नाही’ म्हणता येते. स्त्रियांसाठी हा बदल अधिक मोलाचा होता. शेतावर बाईची मजुरी पुरुषाहून कमी असे. हमीच्या कामावर मोजमाप खोदलेल्या मातीचे होई आणि त्याचा दर दोघांना सारखाच. अनेक कामांवर स्त्रियांची संख्या लक्षणीय राहिली.

११/
मग मराठवाड्यातील मजूर कोयता घेऊन ऊसतोडीला का जातो? एक उत्तर व्यवहारात आहे. मुकादम कामाआधी उचल देतो. हमीची मजुरी काम झाल्यावर, मोजमाप आणि मस्टर पूर्ण झाल्यावर मिळते. घरात आजच पैशांची गरज असेल, तर उशिरा येणारा हक्क आगाऊ मिळणाऱ्या कर्जापुढे हरतो. शिवाय १९८८ मध्ये किमान वेतन जवळपास दुप्पट झाल्यानंतर योजनेवरील रोजगार घटला. मजुरीचा दर वाढला, पण मागेल त्याला काम मिळेनासे झाले, असे काही अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले.

१२/
तरीही ही कल्पना राज्याबाहेर गेली. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय रोजगार हमी कायदा केला. त्यात प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती.

१३/
पहिल्या पगाराच्या पावतीवर व्यवसाय कराची २०० रुपयांची कपात पाहून अनेक तरुण बुचकळ्यात पडतात. त्या कपातीचा उगम दुष्काळाने होरपळलेल्या महाराष्ट्रात आहे. ज्याला नियमित पगार आहे, त्याने ज्याच्या हाताला काम नाही त्याचा थोडा भार उचलावा, असा करार या राज्याने तेव्हा केला होता. हमी खरी ठरते ती मात्र मजुराच्या अर्जाची पोच मिळते तेव्हा, आणि मजुरी वेळेवर हातात पडते तेव्हा.