पोलादाला पाणी देण्याची कुळकथा

छिन्नीला धार कितीही काढा. तिला पाणी दिलेलं नसेल तर दोन-चार घावांतच तोंड दुमडतं. आणि नुसतं पाणी देऊन थांबलात, तर तोंडाचा टवकाच उडतो. एक छिन्नी मऊपणामुळे वाया जाते, दुसरी ठिसूळपणामुळे. या दोहोंच्या मधली नेमकी जागा माणसाने कशी शोधली, हीच पोलादाच्या उष्मोपचाराची कुळकथा.

लोहारशाळेत ही जागा आजही नजरेनेच साधतात. भात्याच्या वाऱ्यावर छिन्नीचं टोक लाल झालं की लोहार ती सांडशीत धरून फक्त टोक पाण्यात बुडवतो. टोक कडक होतं, पण मागच्या दांड्यात धग उरलेली असते. तो टोक विटेच्या तुकड्यावर घासून उजळवतो आणि बघत राहतो. दांड्यातली धग पुढे सरकते, तशी उजळलेल्या भागावर एकामागून एक रंग चालत येतात: फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा म्हणजे साधारण २३० अंश सेल्सिअस, निळा म्हणजे ३००च्या आसपास. जांभळा टोकाशी पोचला की अख्खी छिन्नी पाण्यात. वस्तऱ्यासारखं पातं पिवळ्यावरच थांबवायचं, स्प्रिंग निळ्यापर्यंत जाऊ द्यायची. आधी कडक करायचं, मग त्यातला थोडा कडकपणा मोजून मापून उतरवायचा, अशी ही दोन पायऱ्यांची विद्या आहे.

तिचं वय तीन हजार वर्षांहून कमी नाही. गॅलिलीतल्या माउंट अदिर इथे सापडलेली एक कुदळ इसवी सनापूर्वी बाराव्या-अकराव्या शतकातली मानतात. ती पोलादाची असून तिला या दोन्ही पायऱ्यांतून नेल्याचं तपासणीत आढळलं. पुढे होमरने ‘ओडिसी’त एकडोळ्या राक्षसाच्या डोळ्याचा चरचराट सांगताना गार पाण्यात बुडवलेल्या तापलेल्या कुऱ्हाडीची उपमा दिली. तो आवाज श्रोत्यांच्या कानांत असल्याशिवाय ती सुचली नसती.

आपल्याकडचा सर्वांत मोलाचा दाखला सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात शस्त्रांना पाणी देण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: क्षारात, पाण्यात आणि तेलात. रुतलेला बाण काढायला किंवा हाड कापायला क्षारातलं शस्त्र, मांस कापायला पाण्यातलं, शीर वेधायला तेलातलं. आजच्या धातुशास्त्राच्या नजरेने ही यादी वाचली की थक्क व्हायला होतं. लालबुंद पोलाद पाण्यात पडताच त्याच्याभोवती वाफेचा पापुद्रा तयार होतो आणि उष्णता बाहेर पडायला अडथळा करतो. पाण्यात मीठ किंवा क्षार असेल तर हा पापुद्रा लवकर फुटतो आणि पोलाद झपाट्याने निवतं. तेलात ते त्याहून सावकाश निवतं. म्हणजे क्षार, पाणी, तेल हा निवण्याच्या वेगाचाच उतरता क्रम आहे. हाडाला सर्वांत कडक धार हवी, नाजूक शिरेवर चालणाऱ्या बारीक शस्त्राला तडा जाऊन चालत नाही. शल्यवैद्याने कामावरून द्रव ठरवला होता.

पण वेग हे खरं कारण आहे, हे उमगायला फार काळ गेला. तोवर सगळं श्रेय द्रवालाच मिळत राहिलं. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त तलवारीला पाणी देण्यासाठी रक्त, तूप आणि घोडी, उंटीण, हत्तिणीचं दूध सांगितलं, केळीचा क्षार घातलेलं ताकही सांगितलं. बाराव्या शतकात युरोपातल्या थिओफिलस नावाच्या साधूने नेचे खाऊ घातलेल्या बोकडाचं मूत्र सुचवलं. या पाककृतींत श्रद्धेचा भाग मोठा आहे, पण क्षाराचं ताक आणि मूत्र ही दोन्ही शेवटी खारी पाणीच. अनुभव बरोबर होता, त्यामागचं कारण मात्र चुकीच्या जागी शोधलं जात होतं.

ते शोधण्याची पद्धतशीर सुरुवात फ्रान्समध्ये रेओमूर या शास्त्रज्ञाने १७२२च्या ग्रंथातून केली. १७८६ साली तिथल्याच वांदरमोंद, बर्तोले आणि मोंज या शास्त्रज्ञांनी लोखंड आणि पोलाद यांतला फरक कार्बनमुळे पडतो, हे मांडलं. मग रशियातल्या ओबुखोव कारखान्यात तोफांच्या नळ्या फुटू लागल्या आणि दिमित्री चेर्नोव या अभियंत्याने तापल्या पोलादाचा रंग डोळ्यांत तेल घालून पाहिला. १८६८ साली त्याने सांगितलं, की एका ठराविक तापमानाच्या खालून पोलाद कितीही झटकन गार केलं तरी ते कडक होत नाही. त्या तापमानाला आत काहीतरी बदलतं.

बदलते ती अणूंची मांडणी. ७२७ अंशांच्या वर पोलादातलं लोखंड नवी रचना घेऊ लागतं. या रचनेत दोन टक्क्यांच्या आसपास कार्बन मुरू शकतो. त्याखालच्या तापमानातल्या रचनेत जेमतेम ०.०२ टक्के. पोलाद सावकाश निवलं तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळते आणि मऊसर पोलाद हाती येतं. एकदम निवलं तर तो आतच कोंडला जातो, सगळी रचना ताणली जाते आणि पोलाद कमालीचं कडक, पण ठिसूळ होतं. या अवस्थेला फ्रेंच संशोधक ओस्मों याने १८९५मध्ये जर्मनीच्या आडोल्फ मार्टेन्स यांच्या सन्मानार्थ मार्टेन्साइट हे नाव दिलं. पुन्हा बेताने तापवलं, की कोंडलेला कार्बन थोडा सुटतो, ताण उतरतो आणि चिवटपणा येतो. विटेवर उजळलेल्या टोकाकडे बघत लोहार वाट पाहतो ती याचीच.

आज भोसरी-चाकणच्या कारखान्यांत गाड्यांचे गिअर बंद भट्टीत कार्बन शोषतात आणि तेलात निवतात; तापमान नजरेऐवजी थर्मोकपल सांगतो. विज्ञानाने या विद्येला कारण दिलं आणि जरुरीचं काय, मंत्रासारखं काय, हे निवडून दिलं. पण कडक करून मग उतरवायचं आणि ते कामाच्या गरजेनुसार, हा मूळ धडा कारागिरांचा आहे. धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात चेर्नोव आणि ओस्मों यांच्या आधीचं पान त्यांचं असायला हवं.