अंगणातले ऊन

गेल्या वर्षी शेजारी चार मजली इमारत उठली आणि आमच्या अंगणातले ऊन गेले. चैत्रात कुरडया वाळेनात. आई म्हणाली, "अरे, मास्तर ना तू? कायद्यात उन्हाला काही जागा आहे का, बघ तरी!"

मी पाहिले. १८८२ चा सुखाधिकार कायदा १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाला. वीस वर्षे खिडकीतून निर्वेध आलेल्या उजेडावर तो घराला हक्क देतो. मोकळ्या जमिनीवरच्या उजेडावर मात्र वहिवाटीने असा हक्क मिळत नाही. म्हणजे खिडकीला वाली आहे, अंगणाला नाही!

मुंबईत उन्हाची कड घ्यायला लावली ती प्लेगने. १८९६ साली साथ आली, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत रोग पोसतो, अशी तेव्हाची समजूत. पुढे ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. त्याचा सरळ अर्थ असा, की समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांनी. समजूत अपुरी ठरली, पण नियम गरिबाच्या खोलीत उजेड आणणारा निघाला.

आज गच्चीगच्चीवर सोलर पॅनेल बसत आहेत. उद्या त्यांवर शेजारच्या इमारतीची सावली पडली, तर? वाचकहो, आईचा प्रश्न कुरडयांपुरता नव्हता. दिवाळीचा दिवा आपला आपण लावता येतो. ऊन मात्र शेजाऱ्याने सोडावे लागते.