बंदराचे भाग्य आणि परक्याचा कायदा

इ. स. १८८६ च्या जून महिन्यात, एका आठवड्याच्या आत, दोन अशा घटना घडल्या की ज्यांचा परस्परांशी काही संबंध असेल अशी शंकाही त्या काळच्या कोणा मनुष्यास आली नसती. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, बरार्ड खाडीच्या काठी, अवघ्या दोन महिन्यांपूर्वी नगरपालिकेची सनद मिळवून व्हँकुव्हर हे नाव धारण केलेली एक लाकडी वसाहत १३ जून रोजी, रविवारी, रान साफ करण्यासाठी पेटविलेल्या झुडपांची आग वाऱ्याने भडकल्यामुळे, तासाभराच्या आत भस्मसात झाली. आणि १९ जून रोजी, तेथून हजारो मैल दूर असलेल्या वॉशिंग्टन राजधानीत, अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात परकीय जहाजाने प्रवासी वाहून नेऊ नयेत, नेल्यास दर प्रवाशामागे २ डॉलर दंड भरावा, असा कायदा मंजूर झाला. अलास्काची हिमनद्यांची सफर घडविणाऱ्या आजच्या अवाढव्य क्रूझ जहाजांनी आपला तळ व्हँकुव्हरला ठेवावा की तेथून सुमारे २३० किलोमीटरवर असलेल्या सिॲटलला, या प्रश्नाचा निवाडा गेली चाळीसपन्नास वर्षे जर कोणी करीत असेल तर तो मुख्यतः हा १९ जूनचा कायदाच होय. बंदराची खोली, धक्क्यांची लांबी, डोंगरांची शोभा ही सारी त्याच्या मागून येतात.

बंदर निसर्ग घडवितो ही आपली समजूत शालेय भूगोलाने दृढ केलेली आहे. व्हँकुव्हरची जन्मकथा मात्र तिला आरंभीच छेद देते. कॅनडाला पूर्वपश्चिम जोडणाऱ्या आगगाडीचे शेवटचे स्थानक कोठे असावे याविषयी १८७३ साली सरकारने जो ठराव केला, त्यात मान मिळाला होता व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या, व्हिक्टोरियाजवळच्या, एस्क्विमॉल्ट या बंदराला. मुख्य भूमीवरून बेटावर रूळ न्यावयाचे तर सेमूर नॅरोज या अरुंद सामुद्रधुनीवर पूल बांधावा लागेल, आणि त्या पुलाच्या खांबाला तिच्या मध्यभागी असलेल्या रिपल रॉक नावाच्या बुडीत खडकाचा आधार मिळेल, असे स्वप्न व्हिक्टोरियाचे नागरिक पुढे कित्येक दशके उराशी बाळगून होते. पण रूळ आले ते फ्रेझर नदीच्या खोऱ्यातून, आणि ४ जुलै १८८६ रोजी पहिली गाडी थांबली ती पोर्ट मूडी येथे. तेथील जमिनीचे भाव गगनाला भिडले असतानाच रेल्वे कंपनीने प्रांतिक सरकारकडून आणखी पश्चिमेला सुमारे ६,००० एकर जमीन इनाम म्हणून पदरात पाडून घेतली होती. पोर्ट मूडीच्या जमीनमालकांनी न्यायालयात धाव घेतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण २३ मे १८८७ रोजी गाडी व्हँकुव्हरला पोहोचली आणि पोर्ट मूडीचा विषय संपला. खाडी तीच, पाणी तेच. फरक पडला तो बारा मैलांचा आणि एका इनामपत्राचा.

रेल्वेपाठोपाठ जहाजे आली. २८ एप्रिल १८९१ रोजी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही शुभ्र आगबोट पूर्वेकडून धक्क्याला लागली, आणि हाँगकाँग, योकोहामा, व्हँकुव्हर अशी टपालाची व प्रवाशांची नियमित वाहतूक सुरू झाली. जहाजाला नाव हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचे द्यावे, आणि हिंदुस्थानच्या प्रजाजनाला मात्र त्याच बंदरात उतरू देऊ नये, हा विपर्यास तेवीस वर्षांनी जगाने पाहिला. १९०८ साली कॅनडा सरकारने असे फर्मान काढले होते की मायदेशापासून अखंड प्रवास करून, एकाच तिकिटावर जो आला नसेल त्यास प्रवेश नाही. आणि हिंदुस्थानातून अशी अखंड सफर घडू शकत नाही याची तजवीज आधीच झालेली होती. २३ मे १९१४ रोजी ‘कोमागाटा मारू’ हे जहाज ३७६ प्रवाशांसह या खाडीत आले. बहुतेक सारे पंजाबी. दोन महिने ते किनाऱ्याच्या दृष्टिपथात नांगरून पडले, आणि २३ जुलै रोजी युद्धनौकेच्या पहाऱ्यात परतविले गेले. आज जेथे सफरीला निघालेले प्रवासी सामानाच्या पेट्या ओढीत असतात तेथून थोड्याच अंतरावर त्याचे स्मारक आहे. माणसाने कोणत्या जहाजातून, कोणत्या बंदरातून, मध्ये कोठे थांबून वा न थांबता प्रवास करावा हे कायद्याच्या एका कलमाने ठरविता येते, ही गोष्ट या खाडीइतकी क्वचितच दुसऱ्या कोणा पाण्याला ठाऊक असेल.

अलास्काची वाट प्रथम सिॲटलचीच होती, हे येथे नमूद केले पाहिजे. १७ जुलै १८९७ रोजी ‘पोर्टलंड’ ही आगबोट कॅनडातल्या, पण अलास्कामार्गे गाठल्या जाणाऱ्या क्लोंडाइकचे सोने घेऊन सिॲटलला आली, आणि त्या शहराच्या व्यापारी मंडळाने जाहिरातींचा असा मारा केला की सोन्याकडे जाणारा मार्ग आमच्याच दारावरून जातो हे साऱ्या देशाला पटले. कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी वर्षभराची शिधासामग्री बरोबर असल्याशिवाय सरहद्द ओलांडू द्यावयाची नाही असा दंडक घातल्याने ती सामग्री विकणाऱ्या सिॲटलच्या दुकानदारांची चांदी झाली. सोने सापडले थोड्यांना, पण पीठ, फावडी आणि लोकरीचे कपडे विकणारा सहसा तोट्यात गेला नाही. हा ओघ ऐन भरात असताना, फेब्रुवारी १८९८ मध्ये, अमेरिकेने उपर्युक्त दंड २ डॉलरवरून एकदम २०० डॉलरवर नेला. सिॲटलचा माल आणि सिॲटलची माणसे सिॲटलच्याच जहाजांतून अलास्काला जावीत, हा त्याचा सरळ परिणाम.

अशा कायद्याला आपण नावे ठेवण्याचे कारण नाही. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया कंपनी स्थापन केली तेव्हापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील वाहतूक हिंदी जहाजांसाठीच राखून ठेवावी ही मागणी आपल्याकडेही जोराने होत होती, आणि १९२८ साली तसे विधेयकही मध्यवर्ती विधिमंडळापुढे आले होते. स्वदेशी जहाज अस्तित्वात असेल तर संरक्षणाला अर्थ असतो. अमेरिकेच्या बाबतीत झाले असे की संरक्षण राहिले आणि ज्याचे रक्षण करावयाचे तेच नाहीसे झाले. अलास्का स्टीमशिप कंपनीने १९५४ मध्ये प्रवासी वाहतूक बंद केली. विमानाने उतारू नेले, आणि अमेरिकन निशाणाची प्रवासी जहाजे बांधणे व चालविणे इतके महाग झाले की त्या किनाऱ्यावर मोठे असे जहाज उरलेच नाही. जी आली ती परकीय निशाणांची, आणि त्यांना सिॲटलमध्ये प्रवासी चढवून अलास्कात उतरविण्याची मनाई होती. व्हँकुव्हर मात्र परदेश. तेथे चढून सीवर्ड वा व्हिटियरला उतरले तर कायद्याचा भंग होत नाही. ज्या दंडाने सिॲटलचा मक्ता राखावयाचा होता तोच दंड आता व्हँकुव्हरच्या दारावर पहारेकरी होऊन बसला, आणि या उपकाराबद्दल त्या शहराला कवडीही मोजावी लागली नाही.

कॅनेडियन पॅसिफिकच्या किनारी आगबोटींना ‘प्रिन्सेस’ म्हणत. त्यांपैकी ‘प्रिन्सेस पॅट्रिशिया’ ही बोट सिॲटलच्या स्टॅन्ली मॅक्डॉनल्ड नावाच्या उद्योजकाने १९६५ च्या हिवाळ्यात मेक्सिकोच्या सफरींसाठी भाड्याने घेतली, आणि तिच्याच नावावरून आपल्या नव्या कंपनीचे नाव ‘प्रिन्सेस क्रूझेस’ असे ठेवले. उन्हाळ्यात हीच बोट व्हँकुव्हरहून अलास्काला जाई. पुढे कंपन्या वाढल्या, जहाजे वाढली, आणि १९८६ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने रेल्वेच्या जुन्या बी-सी धक्क्याच्या जागी, पाच शुभ्र शिडांच्या आकाराचे छत्र मिरविणारे कॅनडा प्लेस उभे राहिले. जून महिन्यात एखाद्या शनिवारी तेथे तीन जहाजे एकदम लागलेली असतात. सकाळी आठवड्याची सफर संपलेले लोक उतरतात, दुपारी नवे चढतात. मधल्या काही तासांत चादरी, अंडी, भाज्या, दारू आणि सामानाच्या हजारो पेट्या यांची उलाढाल होते. ज्या बंदरी जहाज केवळ दिवसभर टेकते तेथे प्रवासी फार तर एखादी टोपी आणि कॉफी घेतो. जेथून सफर सुटते तेथे हॉटेल, विमानतळ, टॅक्सीवाला, इंधनवाला आणि धक्क्यावरचा कामगार या सर्वांचा वाटा असतो. बंदर प्रशासनाच्या हिशेबाने एकेका जहाजभेटीमागे सुमारे ३० लाख डॉलर शहराच्या अर्थव्यवहारात येतात. जहाजावर चढण्यापूर्वी अमेरिकन अधिकारी कॅनडाच्याच भूमीवर पारपत्रे तपासतात. टोरांटोच्या किंवा सरेच्या मराठी घरी मुलाकडे आलेल्या आईबाबांना अलास्का दाखवावयाचा बेत ठरला की अमेरिकेचा व्हिसा नाही ही आठवण बहुधा तिकिटांच्या आधी नव्हे, नंतर होते.

मक्त्याची सवय लागली की मक्ता हा आपलाच गुण वाटू लागतो. व्हँकुव्हरचे तसेच झाले असावे. कायद्यात एक फट होती: सफर अमेरिकेच्याच बंदरातून सुरू होऊन तेथेच संपत असेल आणि मध्ये एखाद्या परकीय बंदराला स्पर्श करीत असेल, तर दंड नाही. इतकी वर्षे ही फट निरुपयोगी होती, कारण सिॲटलहून अलास्का गाठून, कॅनडाला स्पर्शून, सात दिवसांत परतणे जुन्या जहाजांच्या वेगाला जमत नसे. आणि अमेरिकन नोकरदाराची रजा सात दिवसांहून अधिक लांबत नाही. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘नॉर्वेजियन स्काय’ हे वेगवान जहाज सिॲटलला आणून ते जमवून दाखविले. पुढच्याच वर्षी सप्टेंबरचे हल्ले झाले, सरहद्दीवरच्या रांगा लांबल्या, आणि देशांतर्गत विमानाने स्वस्तात सिॲटलला उतरून तेथूनच जहाजात बसणे अमेरिकन कुटुंबाला सोयीचे वाटू लागले. २००२ मध्ये व्हँकुव्हरहून ११ लाखांवर प्रवासी गेले होते. २०१० पर्यंत हा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला, आणि त्याच वर्षी सिॲटलचा ९ लाखांवर पोहोचला. दोन्ही शहरांच्या समुद्राची खोली दरम्यान तसूभरही बदललेली नव्हती.

तरीही भूगोल पुरता हरलेला नाही. सिॲटलच्या जहाजांना वेळ वाचविण्यासाठी बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या पॅसिफिकच्या लाटांवरून जावे लागते. व्हँकुव्हरची जहाजे बेटाच्या आतून, दोन्ही बाजूंना अरण्याने झाकलेले डोंगर ठेवीत, सेमूर नॅरोजमधून जातात. तेथे भरतीओहोटीचा ओघ १५ नॉटपर्यंत चढतो, म्हणून पाणी क्षणभर उभे राहण्याची घटिका साधून कप्तान जहाज आत घालतात. व्हँकुव्हरहून सुटण्याची वेळसुद्धा त्या घटिकेचा हिशेब करून ठरते. तो रिपल रॉक याच ठिकाणी होता. शंभराहून अधिक लहानमोठ्या नौका त्याने फोडल्या किंवा बुडविल्या. अखेर समुद्राच्या तळाखालून बोगदा खणून, खडकाच्या पोटात सुमारे १,२७० टन स्फोटके भरून, ५ एप्रिल १९५८ च्या सकाळी तो उडविण्यात आला, आणि त्याच्याबरोबर व्हिक्टोरियाच्या पुलाचा पायाही गेला. व्हँकुव्हरच्या सफरींना आज जो शांत, रमणीय मार्ग लाभला आहे तो असा सुरुंगाने मोकळा केलेला आहे.

मानवाने केलेली दुसरी रचना मात्र व्हँकुव्हरच्या आड येते. खाडीच्या मुखावरील लायन्स गेट पूल १९३८ साली, गिनेस या आयरिश मद्य-घराण्याने पलीकडच्या किनाऱ्यावरील आपल्या जमिनीला भाव यावा म्हणून बांधविला. त्याखाली सुमारे ६१ मीटर मोकळी जागा आहे. त्या काळी ती उदंड वाटली. आजची सर्वांत उंच जहाजे ओहोटी पाहून, धुराड्याशी पूल खेटेल अशा बेताने जातात, किंवा जातच नाहीत आणि सिॲटलला तळ ठोकतात. मद्यसम्राटाच्या जमिनीचा भाव चढला खरा; त्याची किंमत आता बंदर भरीत आहे.

या सगळ्यात आगगाडी हुकलेल्या व्हिक्टोरियाला एक चमत्कारिक धंदा मिळाला. सिॲटलच्या जहाजांना लागणारे परकीय बंदर ते हेच. सफरीच्या अखेरच्या संध्याकाळी जहाज ऑग्डेन पॉइंटला लागते. प्रवासी जहाजावरच जेवून उतरतात, रेल्वे कंपनीने १९०८ साली बांधलेल्या एम्प्रेस हॉटेलचे दिवे पाहून येतात, मध्यरात्रीच्या सुमारास जहाज सुटते. कायद्याचे पोट भरते. आसपासच्या वस्तीच्या वाट्याला बसगाड्यांची रांग आणि धूर येतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये, महामारीच्या काळात, कॅनडाने पर्यटक जहाजांना पुढील वर्षाच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत आपली बंदरे बंद केली. परकीय बंदर नाही म्हणजे सिॲटलची सफरही नाही, आणि अलास्कातली स्कॅगवेसारखी गावे तर या जहाजांवरच जगतात. मग अमेरिकन काँग्रेसने तात्पुरत्या सवलतीचा कायदा केला. २४ मे २०२१ रोजी राष्ट्राध्यक्षांची सही झाली, आणि त्या उन्हाळ्यात जहाजे कॅनडाकडे न पाहता अलास्काला गेली. तोवर १३५ वर्षे अढळ मानलेला नियम काही आठवड्यांत बाजूला ठेवता येतो हे ओटावाला आणि व्हिक्टोरियाला प्रथमच उमगले. कॅनडाने घाईने आपली बंदी नोव्हेंबरपर्यंत मागे आणली. अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी ही सवलत कायमची करावी असे विधेयक मांडले. ते पुढे सरकले नाही. एप्रिल २०२२ मध्ये जहाजे व्हँकुव्हरला परतली, २०२३ मध्ये तेथून सुमारे साडेबारा लाख प्रवाशांची विक्रमी ये-जा झाली, आणि सिॲटलने त्याच वर्षी सतरा लाखांचा टप्पा गाठला. दंडाची रक्कम महागाईप्रमाणे वाढत आता दर प्रवाशामागे ९०० डॉलरच्या वर गेली आहे, आणि सिॲटलहून निघालेली जहाजे संध्याकाळी ऑग्डेन पॉइंटला लागतच आहेत.