परसातला पेरू किती जुना?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "पेरू आपल्याकडे वेदकाळापासून आहे ना? संस्कृतात त्याला अमृतफल म्हणतात." प्रश्न चांगला आहे, पण उत्तर 'नाही' असं आहे.

पेरू मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. ज्ञानेश्वरांनी तो चाखला असणं शक्यच नाही. पोर्तुगिजांच्या गलबतांतून तो इकडे आला आणि संस्कृत नाव मागाहून चिकटलं. नाव जुन्या भाषेतलं, म्हणून वस्तूही जुनी, हे अनुमान टिकत नाही बरं का!

मराठी नाव पेरू देशावरून आलं असं पुष्कळजण सांगतात. आम्हांला ते पटत नाही. पोर्तुगीजमध्ये 'पेरा' म्हणजे नासपती. कोकणीत पेर, बंगालीत पेयारा, हे सगळे त्याच गोतावळ्यातले. आणि गंमत पाहा, हिंदीतला 'अमरूद' हाही फारसीत नासपतीच! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता पाहुण्याला एकाच जुन्या फळाचं नाव दिलं. विदर्भात जांब म्हणतात, ते तर तिसऱ्याच फळाचं.

आता पुण्याकडे येऊ. बियांपासून वाढवलेली पेरूची रोपं सारखी निघत नाहीत. एक गोड, दुसरं नुसतं बियांचं. १९२७ साली गणेशखिंडीच्या फळबागेत डॉ. चीमा यांनी अलाहाबाद सफेदाच्या अशा रोपांतून एक निवडलं. तेच लखनौ-४९, म्हणजे आजचा सरदार. नाव लखनौचं, निवड पुण्याची! रोपवाटिकेतून तुम्ही आणता ते सरदारचं कलम त्या एका झाडाचाच तुकडा असतो. मग झाड एक की अनेक? मिलिंदपन्हात नागसेन विचारतो, रात्रभर तेवणारा दिवा पहाटे तोच असतो का? आम्ही वर्षानुवर्षं वर्गात हे शिकवलं, पण घोर लागला तो घरी.

आमच्या परसात आईनं बी टाकून वाढवलेला पेरू होता. वाडा पाडून इमारत उभी राहायची ठरली. झाड नेता येईना. तेव्हा पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड दोन फांद्यांची बोटभर साल गोल काढली, ओलं शेवाळ लावलं, वर प्लास्टिक घट्ट बांधलं. गुटी कलम म्हणतात ते हेच. मुळं फुटायला महिना-दीड महिना लागतो. आम्ही अधीर, पंधरवड्यातच एक सोडून पाहिली. ती वाळली. सत्तरी ओलांडली तरी धीर काही येत नाही!

दुसरी जगली. आता गच्चीवरच्या ड्रमात आहे. शेंडा खुडून झुडूप कमरेइतकंच ठेवलंय; पेरूला फळ धरतं ते नव्या फुटीवर, म्हणून छाटणीला भिऊ नये. यंदा चार फळं आहेत.

आईच्या झाडाचा पेरू आतून गुलाबी होता. हाही गुलाबीच निघणार. तरी कापून पाहू.